हंड्यातलं एक ओगराळं

५ जानेवारी, रविवार. दुपार.
लेक जेवायला आली आणि आजही स्वतःचा डबा घेऊन आली. सूपवाल्याच्या घरी! खाली माझं दुकान, वर आम्ही राहतो. सव्वीस वर्षं लोक या दारात रांग लावून सूप पितात, आणि माझी एकुलती एक मुलगी माझ्याच टेबलावर बसून डब्यातले उकडलेले वाटाणे खाते. मांस नाही, मासे नाहीत, दूध-लोणी नाही, अंडं नाही, मधसुद्धा नाही. याला व्हीगन म्हणतात. तीन वर्षं झाली. सुरुवातीला मी रागाच्या भरात म्हणालो होतो की माझं सूप ज्याला चालत नाही त्याने माझ्या घरी येऊ नये. मी आपलं बोलून गेलो. तिने ते मनावर घेतलं आणि वर्षभर फिरकली नाही. आता येते, पण डब्यासकट.

जाताना जिन्यात म्हणाली की बाबांच्या हातचं खावंसं फार वाटतं, एकदा माझ्यापुरतं काहीतरी करा. मी म्हणालो, एक कशाला, पुढच्या रविवारी पाच सूप मांडतो. बायकोने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिचं ते मान वर करून पाहणं मला अजिबात आवडत नाही.

६ जानेवारी. सकाळी ६.
संकल्प. आठवड्याभरात पाच क्लासिक सूप व्हीगन करणे. टोमॅटो क्रीम, चिकन नूडल, मासे-बटाटा, मशरूम क्रीम आणि कांद्याचं. अवघड काय आहे त्यात? काही नवं घालायचं नाही, आहे त्यातलं काढायचं. घालायला अक्कल लागते, काढायला नुसता चमचा पुरतो. नवी वही आणली. बायको म्हणाली की आधी काय काय चालत नाही ते लेकीला नीट विचारून घ्या. मला शिकवते!

७ जानेवारी.
टोमॅटो क्रीम. क्रीम काढलं. चव पातळ झाली म्हणून चमचाभर लोणी घातलं. बायको म्हणाली, लोणी गाईचं. मी म्हणालो, गाईचं आहे, पण लोण्यात गाय कुठे आहे? तिने सूप ओतून दिलं.

दुपारी बदामाचं दूध घालून पुन्हा. उकळी आली आणि सगळं फाटलं. लाल पाण्यावर पांढऱ्या चिंध्या. टोमॅटोच्या आंबटपणाने फाटतं, आच मंद ठेवून शेवटी घालायचं असतं, असं बायको म्हणते. मला वाटतं बदामच हलके होते.

९ जानेवारी.
चिकन नूडल. चिकन काढल्यावर नूडल उरल्या. गरम पाण्यात नूडल. नंतर पाकीट वाचलं तर नूडलमध्ये अंडं. म्हणजे पाणी उरलं. पाण्यात सोयाचे तुकडे टाकले, ते फुगले. बायकोने एक तुकडा उचलून विचारलं की सिंकवरचा स्पंज कुठे गेला. कौतुक नाही केलं तर नका करू, पण टोमणे?

१० जानेवारी.
मासे-बटाटा. मासे काढून समुद्री शेवाळ घातलं, कुठेतरी वाचलं होतं. एक चिमूट घालायचं असतं म्हणे. मी मूठभर घातलं, कारण माझं सूप कधीच चिमटीने झालेलं नाही. संध्याकाळपर्यंत दुकानात गिऱ्हाईक फिरकलं नाही. खिडक्या उघड्या ठेवल्यात.

पाचचा संकल्प हा मुळात आकडा फार होता. दर्जा बघावा. एकच करीन.

११ जानेवारी. दुपारी ३.
कांद्याचं सूप! झालं!! पाच किलो कांदे तेलात, मंद आचेवर, दोन तास ढवळत. तांबूस, मऊ, गोड. वाळलेले मशरूम भिजवलेलं पाणी, सोया सॉस, काळी मिरी, तमालपत्र, शेवटी थोडं व्हिनेगर. लोण्याचं नाव नाही. बायकोने चाखलं आणि दुसरा चमचा घेतला. तिच्या बाबतीत हे बक्षीसच.

मग एक बारीकशी गोष्ट झाली, ती लिहून ठेवतो म्हणजे मनात राहायला नको. मागच्या शेगडीवर आमचा जुना हंडा असतो. सव्वीस वर्षं तो कधी पूर्ण रिकामा झालेला नाही. रोज सकाळी खाटकाकडून हाडं येतात, हंड्यात पडतात, दिवसभर मंद उकळतात. नव्या प्रत्येक सूपमध्ये शेवटी हंड्यातलं एक ओगराळं घालायचं, दह्याला विरजण लावतात तसं. ही आमच्या दुकानाची रीत. माझा हात रीतीने चालतो. ढवळून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ओगराळं ओलं आहे.

बारा लिटरमध्ये एक ओगराळं. हिशेब केला तर एका वाटीत जेमतेम चमचा. शिवाय त्यात मांस नव्हतंच, हाडांचं नुसतं पाणी. त्याला सूप म्हणत नाहीत, संस्कार म्हणतात. पाच किलो कांदे आणि दोन तास ओतून द्यायचे की काय?

१२ जानेवारी, रविवार.
ती जेवली. दोन वाट्या. डबा पिशवीतून काढलाच नाही. पहिला घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं तिच्या, कांदा जबरदस्त होता. वाटी पुसून खाल्ली. लहान होती तेव्हा अशीच पुसायची. विचारलं तिने, यात नक्की काही नाही ना? मी म्हणालो, यात कांदा आहे आणि बापाचा हात आहे. यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. बायको उठून आत गेली.

पुढच्या वेळी ओगराळं नाही. संकल्प.

१४ जानेवारी.
लेकीचा फोन. ती मोठ्या वाचनालयात काम करते. तिथे दर बुधवारी व्हीगन मंडळी एकत्र जेवतात, बेचाळीस जण, आणि ते सगळं हीच बघते. बुधवारचं सूप आता मी करावं असं म्हणाली. सगळ्यांना सांगून बसली आहे की माझे बाबा करणार. आवाजात काय अभिमान होता! एकदा हो की नाही विचारलं असतं तरी चाललं असतं, पण मी हो आधीच म्हणून टाकलं.

१५ जानेवारी, बुधवार.
कांद्याचं सूप, पंचवीस लिटर. तिने पातेल्यापुढे एक कार्ड उभं केलं. यात कुठल्याही प्राण्याचं काहीही नाही, असं स्वतःच्या अक्षरात, आणि खाली सही. सहीची काय गरज होती? दोघीतिघींनी कार्ड वाचूनच वाटी पुढे केली. नवे लोक जरा शंकेखोर असतात, सही बघितली की निवांत होतात, असं ती म्हणाली.

पातेलं खरवडून संपलं. टाळ्या. (दोन ओगराळी. कारण पंचवीस लिटर. प्रमाण तेच आहे.)

२२ जानेवारी, बुधवार.
मशरूम क्रीम. क्रीमच्या जागी भिजवलेले काजू वाटून. ही युक्ती माझी. म्हणजे लेकीने सांगितली, पण वाटले मी. गुळगुळीत, पांढरंशुभ्र, बघून कुणी म्हणणार नाही की दूध नाही. चव मात्र अबोल वाटली मला. बोलतं केलं. तीन ओगराळी.

२९ जानेवारी, बुधवार.
आजचा दिवस ओगराळ्याशिवाय. रात्रीच ठरवलं होतं. ओगराळं बायकोकडे देऊन टाकलं आणि सांगितलं की मागितलं तरी द्यायचं नाही.

सकाळी १० : पांढऱ्या घेवड्याचं सूप चाखलं. बरं आहे. लेकीसाठी नुसतं बरं चालेल का?
१०.०५ : ओगराळं मागितलं. बायकोने दिलं नाही. शब्दाची पक्की आहे.
१०.१० : तपेलीने घातलं.

५ फेब्रुवारी.
वाचनालयात एक म्हातारे बाइंडर आहेत, फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चढवतात. तीस वर्षांत त्यांनी प्राण्याच्या कशालाही हात लावलेला नाही. पुस्तकंसुद्धा हाडांच्या सरसाने चिकटवत नाहीत, पिठाची खळ स्वतः शिजवतात. एवढा कडक माणूस! आज माझा हात हातात घेऊन म्हणाले की या सूपने लहानपणीचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं, आई आठवली. मी भारावून गेलो. लेकीकडे चौकशी केली तर त्यांच्या आईचा कोंबड्यांचा धंदा होता म्हणे.

जरा वेळ बरं वाटलं नाही. मग वाटलं, आईची आठवण करून देणं हे काही पाप नाही.

१२ फेब्रुवारी.
खाटकाने विचारलं की हल्ली हाडं दुप्पट का लागतात. मी म्हणालो, शाकाहारी गिऱ्हाईक वाढलंय. तो म्हणाला की देव त्यांचं भलं करो.

आजकाल चव नीट पकडायला मी हंड्यातल्या पाण्यातच भाजी शिजवायला घेतो. ओगराळी मोजत बसण्यात वेळ जायचा.

१६ फेब्रुवारी, रविवार.
लेक आता दर रविवारी येते, डब्याविना. आज सकाळी आठलाच आली आणि मला शिकवा म्हणाली. कंबरेला फडकं बांधून माझ्या शेजारी उभी राहिली. कांदा चिरताना मनगट कसं ठेवायचं ते मी दाखवलं. पाच वर्षांची असताना याच जागी स्टुलावर उभी राहायची. आजचा दिवस मला कायम लक्षात राहील.

(मागची शेगडी पडद्याआड केली होती. धूर लागतो म्हणून सांगितलं. आजचं सूप पाण्यातलंच होतं. मी वर गेल्यावर तिने चाखलं आणि खुशीत मागोमाग वर येऊन सांगितलं की जमलं. पोरीचं मन मोडू नये म्हणून मी हो म्हटलं.)

तिने कृती लिहून मागितली. लिहून दिली. शेवटची ओळ लिहिली : बाकी हाताची किमया. तिने विचारलं की किमया किती चमचे. विनोदी आहे, माझ्यावर गेली आहे.

१९ फेब्रुवारी.
बायको म्हणाली की हे तुम्ही होऊन तिला सांगा, ती रागावेल, पण तुमच्या तोंडून ऐकू दे. मी म्हणालो, काय सांगा? ती हसते आहे, खाते आहे, घरी येते आहे. यात बिघडलंय काय ते दाखव. बायको म्हणाली की त्या कार्डावर सही तुमची नाही, तिची आहे. काहीही बोलते.

२६ फेब्रुवारी, बुधवार.
माझं भाषण! वाचनालयाच्या सभागृहात, जेवणाआधी. विषय : क्लासिक सूप, प्राण्यांशिवाय. साठ माणसं. लेकीने माझी ओळख करून देताना सांगितलं की माणूस कुठल्याही वयात बदलू शकतो हे मला माझ्या बाबांनी दाखवलं. मी खाली बघत होतो, विनयाने.

मी म्हणालो, हाडं हा आळशी स्वयंपाक्याचा आधार आहे. टाळ्या. म्हणालो, चव भाजण्यात असते, धीरात असते. कांदा सावकाश परता, गाजर भट्टीत भाजा, मशरूमचं पाणी फेकू नका, दाटपणाला बटाटा नाहीतर काजू. टाळ्या. म्हणालो, सव्वीस वर्षांची सवय मी एका दिवसात मोडली. बायको उठून बाहेर गेली. शेगडी बंद केली की नाही ते आठवत नव्हतं म्हणे.

एक गोष्ट नमूद करतो. बोलताना मला ते सगळं खरं वाटत होतं.

५ मार्च, बुधवार.
अवकाळी पावसामुळे माणसं कमी. पाच लिटर उरलं. लेकीने वाचनालयाच्या फ्रिजमध्ये ठेवलं, उद्या गरम करून वाटू म्हणाली. सूप घट्ट छान होतं. आज मी हंड्याच्या तळाचंच घेतलं होतं.

६ मार्च. सकाळी १०.
लेकीचा फोन. सूप थिजलंय. पातेलं हलवलं की हलतं, पण सांडत नाही. मी म्हणालो, घेवड्याने होतं असं. ती म्हणाली की कालचं सूप कांद्याचं होतं. मी म्हणालो, तुमचा फ्रिज फार थंड आहे, तक्रार करा.

दुपारी १.
पुन्हा फोन. बाइंडरना दाखवलं म्हणे. त्यांनी दोन बोटांत धरून चोळलं, बोटं चिकटवून सोडवून पाहिली आणि सांगितलं की हे हाडांचं आहे, उमेदवारीच्या काळात चार वर्षं हाच सरस शिजवला, डोळे मिटूनसुद्धा ओळखीन. कमाल आहे. सूपला सूपवाला ओळखणार की पुठ्ठेवाला?

मी हेच म्हणालो. तिकडून काही आवाज आला नाही. फोन बंद पडला असावा.

७ मार्च.
फोन बंद पडला नव्हता. ती आली. बसली नाही, चप्पलही काढली नाही. मी हंड्याबद्दल, रीतीबद्दल, संस्काराबद्दल नीट सांगायला घेतलं. तिने फक्त विचारलं की कधीपासून. मी विरजणाचं उदाहरण दिलं. तिने परत विचारलं की कधीपासून. मग मी म्हणालो की पहिल्यांदा एकच ओगराळं होतं, तेही हाताने आपणहून.

पहिल्या रविवारी, म्हणाली ती. त्या दिवशी मी रडले ते कांद्याने नाही.

मी म्हणालो की तुझ्यासाठीच केलं ना सगळं, तुला परत आणायला. ती म्हणाली की मी येतच होते. येत्या बुधवारी ती सगळ्यांना उभं राहून सांगणार आहे आणि मी शेजारी असावं असं तिचं म्हणणं आहे. बाकी काही नको, नुसतं उभं राहायचं.

ती गेल्यावर बायको म्हणाली की दोन वर्षं पोरगी डबा घेऊन यायची, पण यायची. मला एकदम पाठीत उसण भरली.

११ मार्च.
पाठ. उद्या उभं राहणं जमेलसं वाटत नाही.

१२ मार्च, बुधवार.
पाठ. गेलो नाही. बायको गेली.

बायकोने येऊन सांगितलं. लेकीने कार्ड सगळ्यांसमोर फाडलं आणि सांगितलं की आठ बुधवार मी सही केली, चव बघितली, पण चौकशी केली नाही, चूक माझी. माझं नाव घेतलं नाही. जेवायला आलेल्यांतल्या दोघी रडल्या. एक जण खूप बोलला. बाइंडर तिला म्हणाले की पोरी, तुझं यात काही नाही, आणि मग बाहेर जाऊन ओकले. बाराएक जणांनी पुन्हा येणार नाही म्हणून सांगितलं. पुढच्या बुधवारपासून सूप ती स्वतः करणार आहे, येईल त्याच्यासाठी.

बायकोने हे सगळं हात धुता धुता सांगितलं. माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

१३ मार्च.
ती करणार म्हणे! कशाच्या जोरावर? माझ्या कृतीच्या. तिला काय माहीत की ती कृती अर्धी आहे. हंड्याशिवाय ते सूप म्हणजे कांद्याचा काढा. पहिल्याच बुधवारी निम्मी पातेली परत जातील, तेव्हा कळेल की मी काय सोसत होतो. सव्वीस वर्षांत मला एकही माणूस दाखवा, ज्याने हंड्याशिवाय सूप उभं केलंय.

१६ मार्च, रविवार.
लेक आली नाही. डबा घेऊनही नाही. टेबलावर तीन ताटं कुणी मांडली कोण जाणे. मीच मांडली असतील.

१८ मार्च.
ठरलं. उद्या जाईन. काही बोलणार नाही. एक वाटी घेईन, चाखीन आणि काय कमी आहे ते शांतपणे सांगेन. एवढं तिला बापाकडून मिळायला हवं. हंड्यातलं थोडं बाटलीत भरून न्यावं असं मनात आलं होतं. बायकोने बाटली काढून घेतली.

१९ मार्च, बुधवार. संध्याकाळी ५.
गेलो. वीसबावीस माणसं. बाइंडर आले होते. मी रांगेत सगळ्यात शेवटी उभा राहिलो. पुढच्या बाईने आपली पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

पातेल्यापुढे कागद होता. कांदे, तेल, वाळलेले मशरूम, सोया सॉस, मिरी, तमालपत्र, व्हिनेगर, मीठ, पाणी. पाणीसुद्धा लिहिलं होतं. खाली सही नव्हती. लिहिलं होतं की सकाळी सातपासून शिजवते, कुणीही येऊन बघावं. मागे दोन माणसं खुर्च्या टाकून बसली होती, ती सकाळपासून बघत होती म्हणे.

माझा नंबर आला. लेक इतरांना विचारत होती तसंच तिने मला विचारलं की एक वाटी की दोन. मी एक बोट दाखवलं. तिने वाटी भरली, कड पुसली आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. पुढचा कुणी नव्हता, तरी ती मागे वळून पातेलं ढवळायला लागली. बाकावर बाइंडर सरकले आणि त्यांनी मला जागा करून दिली.

मी पूर्ण लक्ष देऊन प्यालो. शेवटपर्यंत. वाटी पुसून.

निष्कर्ष : मीठ जरा कमी होतं.

त्याच दिवशी. संध्याकाळी ६.
मीठ बरोबर होतं. कशातच काही कमी नव्हतं.